शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

१९७० सालच्या जानेवारीत फ्रेडरिक फोर्साइथ हा इंग्रज पत्रकार पार कफल्लक झाला होता. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धाचे वार्तांकन करून तो लंडनला परतला होता. हाताला काम नव्हते आणि डोक्यावर देणे होते. त्याने जुना टाइपरायटर पुढे ओढला आणि ३५ दिवसांत एक कादंबरी लिहून काढली. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांना मारण्यासाठी एक भाडोत्री मारेकरी नेमला जातो आणि पोलिस त्याचा माग काढत जातात, अशी ती गोष्ट. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. त्यांची शंका रास्त होती. कादंबरी घडते १९६३ मध्ये आणि द गोल तर अजून धडधाकट होते. म्हणजे मारेकऱ्याचा बेत फसणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत. मग पुढची पाने तो कशासाठी उलटणार?

‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ मध्ये छापून आली, जगभर खपली, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या रहस्यलेखकांचा एडगर पुरस्कार तिला मिळाला आणि १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. आजही ही कादंबरी हातात घेतलेला माणूस शेवटच्या शंभर पानांत जेवायला उठत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ नावाचे पुस्तक लिहिले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावात पुस्तकांच्या दुकानाभोवती जमलेल्या, प्रेमकादंबऱ्या झपाट्याने वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या. त्यांतल्या कित्येक जणी पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची पाने वाचून बघत. नायक-नायिका एकत्र येतात ना, याची खात्री पटली की मग पैसे मोजत आणि घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसत.

एकीकडे इतिहासानेच शेवट फोडून ठेवलेली थरारकथा आणि दुसरीकडे वाचकाने स्वतः शेवट फोडून घेतलेली प्रेमकथा. दोन्हीकडे उत्सुकता शाबूत. सुटीचा आठवडा हाताशी असेल आणि या दोन जातींच्या कादंबऱ्या आलटून पालटून वाचल्या, तर हे साम्य ठळक दिसते. एरवी ते दिसत नाही, कारण आपण वाचकांची वाटणी करून ठेवलेली असते. प्रेमकथा बायकांच्या, मारामारी आणि हेरगिरी पुरुषांची; वाचनालयातली कपाटेसुद्धा वेगळी. माझे म्हणणे असे की या दोन्ही कादंबऱ्या आतून एकाच पद्धतीने चालतात. ती पद्धत समजली की दोन्हींचा आनंद वाढतो आणि त्यांना हलके म्हणण्याची सवयही सुटते.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत उत्कंठेची जी फोड केली, तिच्याइतकी सोपी फोड दुसरी सापडत नाही. टेबलाभोवती माणसे गप्पा मारत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण हे कुणालाच माहीत नाही. बॉम्ब फुटला की प्रेक्षक दचकतो, पण तो धक्का काही सेकंदांचा. आता हेच दृश्य प्रेक्षकाला बॉम्ब आधी दाखवून रंगवायचे. भिंतीवरचे घड्याळही दाखवायचे. फुटायला पंधरा मिनिटे आहेत आणि माणसे तर फालतू गप्पांत रमलेली. ती पंधरा मिनिटे प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर बसून काढतो. ‘उठा, बाहेर पडा’ असे त्याला ओरडावेसे वाटते.

आता बॉम्बच्या जागी प्रेम ठेवा. दोन माणसे एकमेकांत गुंतत चालली आहेत, हे वाचकाला दिसते आहे. त्या दोघांना मात्र दिसत नाही, किंवा एकाला दिसते आणि तो बोलत नाही. गप्पा चालल्या आहेत भलत्याच, कुणाच्या तरी लग्नाच्या, हवापाण्याच्या. वाचकाला तिथेही ओरडावेसे वाटते. पात्रांपेक्षा वाचकाला जास्त माहीत असणे आणि ते त्यांना सांगता न येणे, या कोंडीतच उत्कंठा तयार होते. शेवट ठाऊक असल्याने ती कोंडी कमी होत नाही. उलट शेवटाची हमी असते म्हणून माणूस त्या कोंडीत स्वतःहून शिरायला तयार होतो.

ही हमी दोन्ही प्रकारांत जवळजवळ लेखी कराराइतकी पक्की असते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने आपल्या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे की केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. रहस्यकथेच्या बाजूला रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबुवांनी १९२९ मध्ये दहा नियम घालून दिले. गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीत लवकर आला पाहिजे, दैवी शक्तीने उकल करायची नाही, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारे नकोत, हाती लागलेला दुवा गुप्तहेराने वाचकापासून लपवायचा नाही, असे ते नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला आणि सभासद होताना वाचकाला न फसवण्याची शपथ घ्यावी लागे. लेखक वाचकाला चकवणार, पण लबाडी करणार नाही. प्रेमकथेचा लेखक वाचकाला रडवणार, पण वाऱ्यावर सोडणार नाही.

जॅकलमध्ये ही उत्कंठा कशी उभी राहते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. कादंबरी सुरू होते ती खऱ्या घटनेपासून. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे द गोल यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला होता. त्या कटाचा सूत्रधार लष्करी अधिकारी बास्तियाँ-थिरी याला ११ मार्च १९६३ रोजी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. तिथून फोर्साइथ कल्पित गोष्टीत शिरतो, पण वार्ताहराची चाल सोडत नाही. बंदूक कशी बनवून घ्यायची, ती कशात लपवायची, खोटा पासपोर्ट कसा काढायचा, हे तो अहवालासारखे सांगत जातो. लहानपणीच वारलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळवून त्याच्या नावाने पासपोर्ट काढण्याची जी युक्ती त्याने दाखवली, ती इतकी खरी होती की ब्रिटनमध्ये ती पळवाट पुढे या कादंबरीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

वाचता वाचता एक विलक्षण गोष्ट घडते. ‘द गोल मरतील का’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘हा माणूस इथून निसटेल कसा’ हा प्रश्न पुढे येतो. काही पाने तर वाचक मारेकऱ्याच्या बाजूचा होऊन बसतो, मग साधा, दबलेला, बायकोचे ऐकून घेणारा पोलिस अधिकारी क्लोद लेबेल समोर येतो आणि वाचक त्याच्या बाजूला जातो. दोघांनीही एकमेकांना पाहिलेले नसते. एकाचे प्रकरण संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, आणि दोघांमधले अंतर कमी होत जाते. कोण कोणाला कधी भेटणार, याची ही वाट पाहणे प्रेमकथेतल्या वाट पाहण्यासारखेच आहे. शेवटी दोघे समोरासमोर येतात तो क्षण अख्ख्या पुस्तकाने पोसलेला असतो.

जॅकल खाली ठेवून लगेच जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ उचलली, तर आणखी मजा येते. १८१३ मध्ये निघालेली ही कादंबरी प्रेमकथांची आजी मानली जाते. तिचे सर्व हक्क ऑस्टेनने प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले होते. आपण ही कादंबरी नाचाचे कार्यक्रम, लग्ने, पाच बहिणी आणि त्यांची तोंडाळ आई म्हणून आठवतो. पण तिची बांधणी तपासाची आहे. एलिझाबेथ बेनेट ही तपास करणारी. डार्सी हा आरोपी. विकहॅम नावाचा देखणा, गोड बोलणारा तरुण त्याच्याविरुद्ध साक्ष देतो, आणि एलिझाबेथ ती साक्ष न तपासता खरी मानते, कारण डार्सीबद्दल तिचे मत आधीच बनलेले असते. कादंबरीच्या साधारण मध्यावर डार्सी तिला लग्नाचे विचारतो, ती त्याला झिडकारते आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र ठेवतो. पुढचे प्रकरण हे सगळे उलटतपासणीचे आहे. एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते. विकहॅम पहिल्याच भेटीत इतके खासगी सांगत सुटला होता, हे तेव्हाच खटकायला नको होते का? त्याच्या पूर्वायुष्याविषयी त्याच्या स्वतःच्या शब्दापलीकडे काय पुरावा होता? तिच्याबरोबर वाचकही मागची पाने मनात उलटतो आणि त्याला कळते की सगळे दुवे समोर होते. नॉक्सचे नियम यायला अजून शंभराहून जास्त वर्षे होती, पण ऑस्टेन ते तंतोतंत पाळते.

हे काही माझेच वेड नाही. पी. डी. जेम्स या नामवंत रहस्यकथालेखिकेने ऑस्टेनच्या ‘एमा’ या कादंबरीवर व्याख्यान दिले, तेव्हा ती रहस्यकथा म्हणून कशी वाचता येते, हाच त्याचा विषय होता. एमामध्ये खून नाही. पण कुणी पाठवला हे न कळलेला एक पियानो आहे आणि वाचकाच्या डोळ्यांदेखत लपवलेले एक गुपित आहे. याच जेम्सबाईंनी २०११ मध्ये डार्सीच्या घराच्या आवारात खून घडवून ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ ही कादंबरी लिहिली.

जुन्या प्रेमकादंबऱ्या बहुतेक नायिकेच्याच नजरेतून सांगितलेल्या असत. त्यामुळे नायकाचे मन हेच त्यांतले रहस्य. तो असा तुटक का बोलला, खोलीतून उठून का गेला, पावसात छत्री घेऊन का आला, हे सगळे दुवे. शेवटी तो बोलतो आणि आधीच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ बदलतो. पॅमेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक टप्पे मांडले. भेट, ओढ, अडथळा, कबुली हे टप्पे कुणालाही सुचतील. पण त्यांत एक टप्पा मोलाचा आहे: आता या दोघांचे काहीही होऊ शकत नाही, असे वाटायला लावणारा क्षण. रेजिस त्याला एक प्रकारचा मृत्यूच म्हणते. प्राइडमध्ये धाकटी बहीण विकहॅमबरोबर पळून जाते तो क्षण हाच. थरारकथेतही तो असतो, बहुधा शेवटच्या चतुर्थांशात: दुवा तुटतो, साक्षीदार मरतो, तपास करणाऱ्याच्या हातून प्रकरण काढून घेतले जाते. वाचताना हा क्षण ओळखण्याची सवय लावून घ्या. चांगल्या लेखकाच्या हातात तो पात्राच्या स्वभावातून येतो, सामान्य लेखकाच्या हातात अपघातातून.

याच रचनेत जुन्या प्रेमकथांचा एक खरा दोषही दडलेला आहे. नायकाचा उर्मटपणा हा त्याच्या प्रेमाचाच पुरावा होता, असे शेवटी ठरवायचे, म्हणजे वाईट वागणुकीला माफी देण्याचा पाठ गिरवायचा. रॅडवेबाईंनी हे नेमके दाखवले आहे, आणि या कादंबऱ्यांवर माया करणाऱ्यानेही ते मान्य केले पाहिजे. थरारकथेचा दोष दुसरा. तिथे कितीदा तरी एखादी तरुणी फक्त मरण्यासाठी येते. तिला नाव असते, सौंदर्य असते, पण आयुष्य नसते. हे दोष दाखवून पुस्तके फेकून देणे सोपे आहे. दोष ओळखत वाचणे जास्त उपयोगाचे.

दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात कसे नांदतात हे पाहायचे तर डाफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रेबेका’ वाचावी. नवरा लष्करी अधिकारी, त्याची नेमणूक इजिप्तमध्ये, आणि अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात या बाईंना कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्याची आठवण छळत होती. तिथे या कादंबरीची सुरुवात झाली. १९३८ मध्ये ती निघाली. एक लाजरीबुजरी मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या मॅन्डर्ली या भव्य घरात येते. घरभर पहिल्या बायकोच्या खुणा आहेत: तिची खोली, तिचे हस्ताक्षर, तिने लावलेल्या पद्धती, आणि तिची आठवण जपणारी करड्या शिस्तीची मिसेस डॅन्व्हर्स. पहिल्या बायकोचे नाव पुस्तकाच्या कव्हरावर आहे आणि जी गोष्ट सांगते आहे तिचे नाव लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. दुसरी बायको म्हणून घरात आलेल्या बाईची अवस्था याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

अर्ध्याहून अधिक कादंबरी होईपर्यंत आपण प्रेमकथा वाचत असतो. मग समुद्रात एक होडी सापडते आणि नवरा एक कबुली देतो. त्या कबुलीने मागची सगळी पाने फिरतात, आणि पुढे कादंबरी चौकशी, साक्षी, डॉक्टरांच्या नोंदवह्या यांच्या वाटेने जाते. ती कबुली काय, हे मी इथे लिहीत नाही. प्रकाशकाने ही प्रेमकथा म्हणून खपवली, पण द्यू मॉरिए स्वतः म्हणत की हा मत्सराचा अभ्यास आहे. हिचकॉकने १९४० मध्ये तिच्यावर केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि आपल्याकडे वहिदा रहमानचा ‘कोहरा’ (१९६४) याच गोष्टीवर बेतलेला आहे.

आता कबुली सांगत नाही म्हटले खरे, पण शेवट आधी कळल्याने मजा जाते का, हा प्रश्न संशोधकांनी प्रत्यक्ष तपासला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा दिल्या. काहींच्या कथेआधी शेवट फोडणारा परिच्छेद जोडला होता, काहींच्या नव्हता. शेवट आधी कळलेल्या वाचकांनी कथांना किंचित जास्तच पसंती दिली, रहस्यकथांनासुद्धा. नंतरच्या काही प्रयोगांत उलटे निष्कर्षही आले, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. मला वाटते, पहिल्या वाचनाचा धक्का ही ज्याची त्याची हक्काची वस्तू आहे आणि ती दुसऱ्याने हिरावू नये. पण जे पुस्तक शेवट कळल्यावर एकदम निकामी होते, ते पहिल्या वाचनालाही फार लायकीचे नव्हते. अगाथा ख्रिस्तीची १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ खुनी माहीत असताना पुन्हा वाचावी. दर दोन पानांनी बाईंची एखादी निर्भेळ खरी, तरीही चकवणारी ओळ सापडते आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त आनंद होतो.

ख्रिस्तीचे नाव निघाले म्हणून सांगतो. खुनांची राणी म्हणून जग जिला ओळखते, तिने मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९३० मध्ये, शेवटची १९५६ मध्ये. त्यांत एकही गुप्तहेर नाही. प्रेम, लग्न, आई-मुलीचे ताणलेले नाते, स्वतःशीच खोटे बोलणारी माणसे, हे त्यांचे विषय. हे टोपणनाव तिने जवळपास वीस वर्षे गुप्त ठेवले. तिची समकालीन जॉर्जेट हेयर तर एका वर्षात एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा अशा जोडीने लिहीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडातल्या तिच्या खट्याळ प्रेमकथा आजही छापल्या जातात. रहस्यकथांसाठी तिचा नवरा, जो वकील होता, खुनाचा आराखडा तयार करून देई आणि माणसांमधले संबंध ती रंगवी. तिच्या खुनांच्या गोष्टी वाचताना खून कसा झाला यापेक्षा ती खवचट, भांडखोर कुटुंबेच जास्त लक्षात राहतात.

मराठीतही हा प्रवाह पहिल्यापासून मिसळलेलाच आहे. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ताटातूट, दुष्टांची कारस्थाने, संकटांची मालिका आणि अखेर मीलन हा त्यांचा साचा. इतिहासकारांनी त्यांना अद्भुतरम्य म्हणून कोपऱ्यात ठेवले, पण प्रेम आणि थरार एकाच दोरीत वळण्याचे काम त्यांनी केले. ‘मंजुघोषा’ निघाली त्याच वर्षी लंडनमध्ये विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. इंग्रजीतल्या आद्य रहस्यकादंबऱ्यांपैकी ही एक, आणि तिची सुरुवात होते १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात चोरलेल्या हिऱ्यापासून. याही कादंबरीत हिऱ्याच्या तपासाइतकीच दोन प्रेमिकांतल्या गैरसमजाची उकल महत्त्वाची आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) मराठी कादंबरी वास्तवाकडे वळली असे आपण शिकतो. पण तिलाही रेनॉल्ड्स या लोकप्रिय इंग्रज लेखकाच्या लंडनविषयीच्या रहस्यमय कादंबरीचा आधार होता.

ना. सी. फडके यांनी या सगळ्याला तंत्राची बैठक दिली. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या त्यांच्या पुस्तकात कथानक कसे गुंफावे, उत्कंठा कशी टिकवावी याची उघड चर्चा आहे. फडक्यांच्या प्रेमकथांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यांतली बरीचशी योग्य होती. पण लेखन हे शिकण्याजोगे कसब आहे, वाचकाचे लक्ष धरून ठेवणे ही लाजेची गोष्ट नाही, हे मराठीत इतक्या ठामपणे दुसऱ्या कुणी सांगितले नाही. त्यांच्या समांतर बाबूराव अर्नाळकर एकटाकी लिहीत होते. झुंजार, काळा पहाड, धनंजय अशा नायकांच्या हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. वाचनाची गोडी आपल्याला अर्नाळकरांमुळे लागली, असे सांगणारी माणसे महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. गुरुनाथ नाईक, भयकथांचे नारायण धारप आणि भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स यांनी ती परंपरा पुढे नेली. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या दिवाळी अंकांनी तिला दरवर्षी फराळाच्या ताटाशेजारी जागा मिळवून दिली.

आणि हेयरबाईंसारखा दोन्ही हातांनी लिहिणारा लेखक हवा असेल, तर सुहास शिरवळकर आहेत. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद यांच्या चटपटीत रहस्यकथा लिहिणाऱ्या याच माणसाने १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली. कॉलेजकट्टा, दोस्ती आणि हातून निसटलेले प्रेम यांची ही कादंबरी पिढ्यान् पिढ्या हॉस्टेलांतून फिरली. २०१३ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला तेव्हा नव्या मुलांनीही ती शोधून वाचली. अमर विश्वासची एखादी कथा आणि ‘दुनियादारी’ पाठोपाठ वाचा. संवादाने प्रसंग पुढे ढकलण्याची हातोटी, प्रकरण नेमक्या जागी तोडण्याची नजर दोन्हींत तीच आहे. रहस्यकथांनीच त्यांचा हात घडवला होता.

समीक्षेने मात्र या सगळ्यांना दारात उभे केले, आणि प्रेमकथा लिहिणाऱ्यांना कधी कधी कोर्टातही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट देशभर गाजला.

या कादंबऱ्या कुणी जगवल्या, तर वाचनालयांनी. इंग्लंडात मिल्स अँड बून ही संस्था १९०८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती सगळ्या प्रकारची पुस्तके छापत होती. १९३० च्या दशकात आठवड्याला दोन पेन्स घेऊन पुस्तके देणारी छोटी वाचनालये गल्लोगल्ली निघाली आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना प्रेमकथा हव्या आहेत हे ओळखून तिने आपला सगळा भर प्रेमकथांवर दिला. आपल्याकडे गिरगाव, दादर, सदाशिव पेठ, धरमपेठ अशा वस्त्यांतून अनामत आणि महिन्याची वर्गणी घेणाऱ्या खासगी वाचनालयांनी तेच काम केले. दुपारी घरकाम आटोपून पिशवीत पुस्तक टाकून बदलायला जाणाऱ्या बायका हा त्यांचा कणा होता. रॅडवेच्या अभ्यासातल्या बायकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: पुस्तक हातात असते तेवढा वेळ आमचा असतो, तेव्हा आम्ही कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. आपल्याकडच्या दुपारीही याहून वेगळ्या नव्हत्या. या वाचनाला वेळकाढूपणा म्हणणाऱ्यांना तो वेळ किती कष्टाने मिळवलेला असे, याची कल्पना नाही.

आठवड्यासाठी क्रम विचाराल तर मी असा सुचवेन. सुरुवात जॅकलने करावी, म्हणजे मन वेगात येते. मग ऑस्टेन, पण डार्सीचे पत्र साक्षीपुराव्यासारखे वाचायचे. मधे एक-दोन अर्नाळकर किंवा शिरवळकर, एका बैठकीत संपतील असे. त्यानंतर ख्रिस्ती, आणि शेवटी रेबेका. सलग दोन थरारकथा वाचू नयेत. दुसरीत धक्के बोथट होतात. सलग दोन प्रेमकथांत नायक एकमेकांत मिसळतात. आलटून पालटून वाचले की प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकावर उजेड टाकते.

या यादीतली इंग्रजी पुस्तके कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतील. अडचण मराठी पुस्तकांची आहे. अर्नाळकरांच्या काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, शिरवळकर मिळतात, पण बाकी शेकडो रहस्यकथा आणि प्रेमकथा स्वस्त कागदावर छापलेल्या, टाचण्या गंजलेल्या, कव्हरे गेलेल्या अवस्थेत आहेत. खासगी वाचनालये बंद होतात तेव्हा त्यांची कपाटे थेट रद्दीत जातात, कारण ही पुस्तके जपण्याजोगी आहेत असे कुणालाच वाटलेले नसते. तुमच्या घरी, आजोळी, जुन्या ट्रंकेत अशी पुस्तके असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन विचारा. तिथे नको म्हणाले तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून मराठी पुस्तके सांभाळत आली आहेत, तिथे विचारा. आणि तोवर ती एकदा वाचून काढा.